पांढरा कुठे थांबला

लोटे
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आप्पा,

नमस्कार. साष्टांग घालायला कमरेत जोर उरलेला नाही, सकाळची शिफ्ट संपवून आत्ताच कंपनीच्या बसमधून उतरलेय. उभ्याउभ्याच घ्या.

फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, जहाजाच्या इंजिनरूमने तुमचे कान खाल्ले. व्हॉट्सॲपवर लिहावं तर म्हणता, "अंगठा पाठवतेस, अंगठ्याला मी काय उत्तर देऊ?" म्हणून कागद घेतला. शिवाय आपल्या अख्ख्या घरात टेबलावरचा पूल खेळलेले तुम्ही एकटेच, तेव्हा विचारायचं तर काकालाच.

परवा रविवारी आमच्या क्लबात शेजारच्या कंपनीबरोबर सामना होता. पाच जणांची टीम, पाचवी मी. दोन-दोन डावांची बरोबरी झाली आणि शेवटची फ्रेम माझ्यावर आली. माझे सगळे बॉल गेले होते. उरला होता फक्त काळा, तोही पॉकेटच्या तोंडाशी. डोळे मिटून मारला असता तरी गेला असता. मी दणकून मारला. काळा गेला आणि त्याच्यामागून, ज्याने मारतात तो पांढराही गेला. काळ्याबरोबर पांढरा गेला की अख्खी फ्रेम जाते, हे तुम्हाला सांगायला नको.

मी क्यूची काठी भिंतीला टेकवली, कुणाशी हात मिळवला नाही आणि बाहेर जाऊन रिकाम्या बसमध्ये बसले. जाताना आमच्या कॅप्टनचं बोलणं कानावर आलं. "लेडीजसाठी कॅरम आहे की." हा कॅप्टन म्हणजे विनीत, मेन्टेनन्समध्ये आहे. खेळतो चांगला, तेवढं कबूल करावं लागतं.

मोठी स्पर्धा मार्चमध्ये आहे, अंजनवेलच्या बाजूला एका कॉलनीत. टीमची निवड फेब्रुवारीत. माझी पाचवी जागा विनीत पॅकिंगमधल्या सर्वेशला देणार असं सगळे धरून चाललेत. मला ती जागा परत हवी आहे. कुणाच्या मेहेरबानीने नको, टेबलावर मिळवलेली हवी. पण टेबलाजवळ गेले की तो फटका आठवतो आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. तुमच्या हातून चूक झाली की तुम्ही काय करायचात?

तुमची,
दिशा

मालगुंड
२० नोव्हेंबर २०२४

चि. दिशा,

आशीर्वाद आहेतच, ते काही दरवेळी मागावे लागत नाहीत. अक्षर वेडंवाकडं आलंय ते पेन भिकार आहे म्हणून.

काळ्यामागून पांढरा घालवलास? शाबास! असला खेळ बघायला लोक तिकीट काढतील. अगो, डर्बन, सँटोस, रॉटरडॅम, कुठल्याही बंदरात जा, खलाशांचा क्लब असायचा आणि क्लबात पूलचं टेबल. नांगर पडला की क्यू उचलणारा पहिला मी. तुझा तो विनीत माझ्यासमोर चार फटके टिकला नसता.

आता ऐक. इंजिनरूममध्ये एक नट ढिला राहिला तर तेवीस माणसांचा जीव टांगणीला. तिथे चुकीला माफी नव्हती म्हणून आम्ही शिकलो. तू शंभर पानी वही घे. झालेली प्रत्येक चूक तारखेसकट लिही आणि त्याखाली तू कोण आहेस ते लिही. गाढव असशील तर गाढव लिही. खेळायच्या आधी सगळी वाचून काढ. लाज वाटली पाहिजे. लाज वाटली की हात आपोआप सुधारतो.

आपल्या पडवीतला कॅरमचा नियम विसरली नाहीस ना? चुकला तो उठला. माझ्या वडिलांपासूनचा नियम आहे. त्यानेच तुम्ही पोरं तयार झालात.

तुझी काकू म्हणते, पोरीला जरा धीर द्या. धीर काय औषधाची बाटली आहे, बसच्या ड्रायव्हरकडे द्यायला?

तुझा,
आप्पा

लोटे
१५ डिसेंबर २०२४

ती. आप्पा,

नमस्कार. वही घेतली. सत्तावीस पानं झाली.

नमुना पाठवते. "४ डिसेंबर. सोपा बॉल चुकला. मूर्ख." "९ डिसेंबर. पुन्हा हात थरथरला. गाढव." "११ डिसेंबर. मनगट वळलं. तुला कधीच जमणार नाही." खेळायच्या आधी न चुकता वाचते. वाचून क्यू धरला की सत्तावीस पानं एकदम समोर उभी राहतात आणि बॉल दिसेनासा होतो. आधी दहातले सहा जायचे, आता चार जातात. सर्वेशनेही काल मला हरवलं.

मी वहीत कुठे चुकतेय का?

दिशा

मालगुंड
२१ डिसेंबर २०२४

चि. दिशा,

चार जातात म्हणजे लाज अजून पुरेशी वाटलेली नाही. मोठ्याने वाच.

मोहोर बरा आहे. पेन अजून तेच आहे.

आप्पा

लोटे
१९ जानेवारी २०२५

ती. आप्पा,

वही बंद केली. रागवायचं असेल तर हे सगळं वाचून मग रागवा.

बुधवारी आमच्या लॅबमध्ये एक बॅच नापास झाली. रंग फिका पिवळा यायला हवा होता, आला तपकिरी. अशा वेळी आम्ही एक फॉर्म भरतो. काय व्हायला हवं होतं, काय झालं, तापमान किती होतं, कुठला माल किती वाजता घातला, पुढच्या वेळी काय बदलायचं. भरता भरता माझा हात थांबला. त्या फॉर्मवर "बॅच गाढव आहे" असं लिहायला जागाच नाही. "ऑपरेटरला लाज वाटली का" असा रकाना नाही. एवढी मोठी कंपनी, आप्पा, आणि चुका लाजेवर नाही, त्या साध्या फॉर्मवर दुरुस्त होतात.

संध्याकाळी तसेच रकाने एका कागदावर आखले आणि क्लबात गेले. तिसऱ्याच फटक्याला चुकले. लिहायला बसले. काय झालं? बॉल गेला नाही. त्याआधी पांढरा कुठे थांबला होता? मला सांगता येईना. वही काढून बघितली. एक्केचाळीस पानं, आणि पांढरा कुठे थांबला हे एकाही पानावर नाही. मी शिव्या लिहिल्या, चूक लिहिलीच नव्हती.

मग डोक्यात उजेड पडला. आपण सगळे कॅरमवर वाढलो. कॅरममध्ये सोंगटी घातली की स्ट्रायकर परत हातात येतो, पट्टीवर हवा तिथे ठेवा आणि मारा. तो कुठे जाऊन थांबला याच्याशी कुणाला काय घेणं! पूलमध्ये पांढरा कुणी हातात देत नाही. तो थांबेल तिथून पुढचा फटका. मी बॉल घालून खूश व्हायचे, तेवढ्यात पांढरा दोन बॉलांच्या मागे जाऊन दडायचा, तिथून कुणालाच मारता आलं नसतं, आणि मी शिव्या घालायचे माझ्या हाताला. हात ठीक आहे माझा. त्या बिचाऱ्याने काही केलेलं नाही.

आता पांढरा थांबवायला शिकतेय. त्याच्या मध्याच्या खाली क्यू लागला की समोरच्या बॉलला आपटून तो जागच्या जागी थांबतो. परवा फारच खाली लागला, पांढरा टेबलावरून उडाला आणि पाण्याच्या कूलरवर आदळला. सगळे हसले. मीही हसले, मग लिहिलं, "क्यू फार खाली. अर्धं बोट वर धरायचा." झालं, एवढंच.

दुसरी गोष्ट लिहायची की नाही याचा दोन दिवस विचार केला. लिहितेच. मी नऊ वर्षांची होते. गणपतीला मुंबईची सगळी आली होती, पडवीत बोर्ड मांडलेला. मी राणी घेतली आणि कव्हर चुकलं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "उठ गो. दुसऱ्याला बसू दे." मी उठले आणि पाच दिवस मागच्या दारी काकूला नारळ खवून दिले, पण बोर्डावर परत बसले नाही. नोव्हेंबरात रिकाम्या बसमध्ये जाऊन बसले ती तीच पोरगी. तो नियम वाईट आहे, आप्पा. चुकणाऱ्याला उठवलं तर तो शिकायचा कधी? मी यापुढे उठणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही.

आणि एक विचारते. तुम्ही बंदरांची नावं घेता, फटके रंगवून सांगता. शेवटचे कधी खेळलात?

दिशा

मालगुंड
१ फेब्रुवारी २०२५

चि. दिशास काकूचे खूप खूप आशीर्वाद.

कॅलेंडरच्या पानामागे लिहितेय, कारण घरातले चांगले कागद यांनी फाडून संपवले. तुझं पत्र आल्यापासून हेच चाललंय. हल्ली रोज लिहायला बसतात, चार ओळी लिहितात आणि फाडतात. तू मनाला लावून घेऊ नको. बोललीस ते बोललीस, बरं झालं.

त्यांनी तुला कळवलं नसणार, म्हणून मी सांगते. वर्ष झालं, यांचा उजवा हात थरथरतो. बशीतला चहा सांडतो. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं नाही, हात चालवत राहा. तर हे चारचौघांत हात खिशात घालून बसतात. मी म्हटलं, "खिशात घालून काय बरा होणाराय तो?" तर म्हणतात, "सांडून दाखवण्यापेक्षा बरा." आणि नावं ठेवतात पेनाला. पेन मी आणलंय, चांगलं आहे.

तू खेळ. मला त्यातलं काही कळत नाही, पण तू खेळ.

दमयंतीकाकू

मालगुंड
६ फेब्रुवारी २०२५

चि. दिशा,

हा आजचा सहावा कागद. आता फाडणार नाही, कसाही होवो.

शेवटचा खेळलो डर्बनला, १९९१ साली. समोर आमचा सेकंड इंजिनिअर. भोवती चौदा जण, त्यातले दोघे आपल्या जयगडचे. काळा पॉकेटच्या तोंडाशी होता. मी मारला, काळा गेला, पांढरा गेला. तुझ्यासारखंच, काडीचाही फरक नाही. चौदाच्या चौदा हसले. मी क्यू ठेवला आणि उठलो.

त्यानंतर अकरा वर्षं जहाजावर काढली. प्रत्येक बंदरात क्लबात गेलो आणि खुर्चीवर बसून राहिलो. कुणी बोलावलं तर सांगायचो, माझी वॉच आहे, ड्युटीवर जायचंय. नांगर पडला की पहिला मी, हे मी तुला लिहिलं ते खोटं. चुकला तो उठला हा नियम वडिलांचा, तेही खोटं. वडिलांना कॅरम येत नव्हतं. नियम मी डर्बनहून आणला आणि तुम्हा पोरांवर लावला. मी उठलो होतो, तर बाकी कुणी का बसावं, असं असेल मनात. दुसरं काय असणार?

नऊ वर्षांच्या पोरीला पाहुण्यांसमोर उठवलं. चुकलो मी. हे एक वाक्य लिहायला पाच कागद गेले.

आणि पांढऱ्याचं तू लिहिलंस ते चारदा वाचलं. मीही कॅरमवालाच ना! इतकी वर्षं मला वाटत आलं की माझ्या हातातच खोट आहे. पांढरा कुठे थांबतो ते बघायचं असतं, हे त्या चौदा जणांतल्या एकानेही सांगितलं नाही. हसले मात्र सगळे.

तुला सल्ला देणार नाही असं ठरवलं होतं, पण जित्याची खोड. निवडीच्या दिवशी काहीही झालं तरी क्यू दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस.

आप्पा

लोटे
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पा,

नमस्कार, आज अगदी साष्टांग.

काल निवड झाली. पाचव्या जागेसाठी मी आणि सर्वेश, तीन फ्रेम, दोन जिंकेल तो टीममध्ये. बघायला अर्धी शिफ्ट जमली होती.

पहिल्या फ्रेममध्ये काळा पॉकेटच्या तोंडाशी, पांढरा लांब, तीन हातांवर. मी मारला. काळा गेला. पांढराही गेला. होय, पुन्हा! महिनाभर सराव करून, नेमका तोच फटका, नेमका सगळ्यांसमोर. हसायचे ते हसले. विनीत पुढे आला, क्यू घ्यायला हात पुढे केला आणि म्हणाला, "झालं, दिशा. पुढच्या वर्षी बघू."

रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण त्याहून राग मोठा होता, आणि या वेळी तो माझ्यावर नव्हता. मी म्हटलं, "तीन ठरल्यात. दोन बाकी आहेत. हात काढ." आणि खिशातून कागद काढून तिथेच लिहायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, घरी जाऊन लिही की!" मी म्हटलं, "घरी टेबल नाही. थांबा जरा." थांबले सगळे. मी लिहिलं, "पांढरा लांब होता. जवळून मारतात तेवढाच खाली मारला. लांबून तेवढं पुरत नाही, बॉलपर्यंत पोचेतो तो घरंगळायला लागतो. अजून खाली."

दुसरी फ्रेम सर्वेशने घालवली. बॉल मस्त घातला आणि पांढरा माझ्या दोन बॉलांमागे नेऊन ठेवला. मी मुद्दाम त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता.

तिसऱ्या फ्रेमला शेवटी काळा उरला. पॉकेट वेगळं, पण अंतर तेच आणि मामला तोच. आतून आवाज आला, गाढवा, परत तेच करणार तू. मला वाटायचं की चांगले खेळणाऱ्यांना हा आवाज येत नसेल. येत असणार. मी त्याला म्हटलं, बरं, गाढव तर गाढव, पण खाली मारायचाय. मारला. काळा गेला. पांढरा आपटून जागच्या जागी उभा राहिला, जरासुद्धा हलला नाही.

सर्वेशने हात मिळवला आणि म्हणाला, "तो कागद मला दाखवशील?" त्याला दिला, तोही कॅरमवालाच. विनीत म्हणाला, "नशीब." मी म्हटलं, "लाव पुन्हा. तू लाव, मी मारते." त्याने काळा परत तोंडाशी लावला. मी मारला, गेला, पांढरा थांबला. दुसऱ्यांदाही थांबला. तिसऱ्यांदा पांढरा काळ्यामागून आत गेला आणि विनीत हसला. त्याला वाटलं, आता मी ओशाळेन. मी दोन्ही बॉल बाहेर काढले आणि चौथ्यांदा स्वतःच लावले. मग तो हसायचा थांबला आणि यादीवर पाचवं नाव लिहायला गेला. माझं.

९ मार्चला रविवारी स्पर्धा आहे, सकाळी दहाला. तुम्ही जयगडला फेरीबोट धरून पलीकडे उतरलात की कॉलनी लांब नाही. काकूलाही आणा. मी जिंकेनच असं नाही. समोरची टीम तगडी आहे, आणि मी अजून चुकते. रोज चुकते. पण आता मला कुणी तिथून हलवून दाखवावं.

दिशा

मालगुंड
१ मार्च २०२५

चि. दिशा,

तुझं पत्र तुझ्या काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. "हात काढ" या ठिकाणी तिने मला परत वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदाही.

रविवारी सकाळच्या पहिल्या फेरीने आम्ही दोघं येतोय. तू हरलीस तर मी तोंड वाकडं करणार नाही आणि जिंकलीस तर माझ्यामुळे जिंकलीस असं सांगत फिरणार नाही. दुसरं जमेल की नाही सांगता येत नाही, प्रयत्न करीन.

पण मी नुसता बघायला येत नाहीये. तुमचे सामने उरकले, जेवणं सुरू झाली की टेबल रिकामं होईल. त्या वेळी मला दोन फ्रेम हव्यात. समोर विनीतला उभा कर. त्याला आधीच सांगून ठेव की म्हाताऱ्याचा हात थरथरतो, उगाच दया दाखवायची नाही आणि हसू आलं तर दाबायचं नाही. चौदा जण हसले होते, आता चाळीस हसू देत. चौतीस वर्षांनी क्यू धरणार आहे. काकू म्हणते सवय करा, म्हणून गेले चार दिवस पडवीत झाडूच्या दांड्याने लिंबं मारतोय. दोन लिंबं विहिरीत गेली.

पहिला फटका कुठे जाईल ते मला सांगता येत नाही. पण दुसराही मीच मारणार, एवढं नक्की.

आप्पा